घरूनच काम करून राहिलो, सर

पचमढी, रविवार रात्री

अहो ऐकलंत का,

सुखरूप पोचलो. सावनेर मागं पडल्यावर पाऊस लागला, तो सौंसरपर्यंत. तिथं चहाला थांबलो. संत्र्याच्या बागा आपल्याकडच्यासारख्या, हॉटेलवालाही मराठीच बोलला, फक्त पाट्या हिंदीत. पुढं सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, परासिया, तामिया. तामियाच्या आसपास चिरंजीवांनी दोनतीनदा गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि दरीकडं बघत उभे राहिले. मला बरं वाटलं. म्हटलं, एवढी वर्षं लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेल्या पोराला झाडं दिसून राहिली. सूनबाईंनी खुलासा केला, तो रेंज बघतोय. कोणत्या वळणावर कोणत्या कंपनीच्या किती दांड्या येतात ते टिपून ठेवत होता. येताना मध्येच मीटिंग लागली तर गाडी कुठं उभी करायची, याची तजवीज.

यावरून तुम्हाला अंदाज आलाच असेल. आपल्या पोरानं रजा टाकलेलीच नाही. आठवडाभर काम इथून, आणि ऑफिसच्या लेखी तो नागपुरात, मनीषनगरात आपल्या हॉलमध्ये बसलेला. मला हे छिंदवाडा ओलांडल्यावर सांगितलं, म्हणजे मागं फिरायची सोय नको.

फोन न करता पत्र का लिहिते, तर इथं खोल्या दोन आणि मधली भिंत प्लायवूडची. मी तुमच्याशी बोलले की पुण्यात त्याच्या साहेबाला ऐकू जातं. पोस्ट ऑफिस पायी जाण्याइतकं जवळ आहे. तेवढंच मला काम.

कुकरची शिट्टी नवी बसवली आहे, जोरात दाबू नका.


पचमढी, मंगळवार

अहो,

रोज सकाळी तो तुम्हाला फोन करून "बाबा, आभाळ कसं आहे?" विचारतो ना, ते तुमच्या गुडघ्यांच्या काळजीनं नाही, हे कळवावं म्हणून आधी हे लिहिते. त्याच्या मॅनेजरला मीटिंग सुरू करताना एकेकाच्या गावचं हवापाणी विचारायची सवय आहे. "नागपूर काय म्हणतंय?" असं आलं की उत्तर तयार पाहिजे. काल तुम्ही लख्ख ऊन सांगितलंत, त्यानं तेच पुढं सांगितलं, आणि त्याच क्षणाला इथं वीज अशी कडाडली की माझ्या हातातला डबा पडला. "शेजारी बांधकाम चालू आहे, सर." मनीषनगरात बांधकाम कधी बंद असतं? साहेबांना पटलं.

दिवसभराची व्यवस्था सांगते. पलंगावर पाट, पाटावर लॅपटॉप. मोबाइल खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेला, कारण रेंज तिथंच, वीतभर खाली नाही. पत्र्यावर पाऊस वाजतो म्हणून माइक बंद. बोलायची पाळी आली की उघडायचा, दोन वाक्यं, परत बंद. मागं भिंतीवर ओल आलेली, ती दिसू नये म्हणून त्यानं आपल्या हॉलचाच फोटो पडद्यासारखा लावला आहे. शोकेस, तुमची खुर्ची, वर बाबासाहेबांचा फोटो, सगळं जागच्या जागी. मला क्षणभर वाटलं तुम्ही आता चहा मागाल. चूक एवढीच की फोटो गेल्या महिन्यात काढलेला, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात अजून जून. आज मीटिंगमधल्या एका मराठी पोरीनं विचारलंच. आपल्या श्रावणबाळानं काय उत्तर द्यावं? "आई पान उलटायची विसरली." मी! पहिल्या तारखेला आंघोळीच्या आधी पान उलटणारी मी! खोटं त्याचं, आळशी मी ठरले.

मी विचारलं, घरून काम चालतं तर इथून का चालू नये? त्यावर त्यानं मला बराच वेळ समजावलं. त्याची कंपनी मिहानच्या सेझमध्ये. तिथं यंत्रसामग्री आयातशुल्क न भरता येते, त्यामुळं लॅपटॉप फाटकाबाहेर न्यायचा म्हणजे पूर्वी कागदच कागद. कोरोनानंतर, 2022 च्या जुलैत, सरकारनं सेझच्या नियमांत 43 अ हा नियम घालून बाहेरून काम करायला रीतसर वाट काढून दिली. म्हणजे सरकारची ना नाही. ना आहे कंपनीची. राज्याबाहेरून काम करायचं तर आधी लेखी मंजुरी. डेटा कुठून उघडला, चोरी झाली तर जबाबदार कोण, कर कोणत्या राज्यात, अशी त्यांची कारणं. व्यवसाय कर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाचे अडीच हजार त्याच्या पगारातून महाराष्ट्राचे कापले जातात, आणि माणूस बसलेला मध्य प्रदेशात. मला ही कारणं काही अगदीच फालतू वाटली नाहीत. त्यालाही वाटत नाहीत. तो म्हणतो, मंजुरी मागितली तर नाही म्हणतील, आणि एकदा नाही म्हटल्यावर आलो तर ते जास्त वाईट.

सूनबाईंनी विप्रोची आठवण काढली. 2022 मध्येच त्यांनी तीनशे लोकांना घरी पाठवलं होतं ना, पेपरात आलं होतं. तर चिरंजीव चिडले. म्हणे, ते लोक एका कंपनीच्या वेळात दुसरीचं काम करून राहिले होते, मी ज्याचा पगार खातो त्याचंच करून राहिलो. खरं आहे. कामात तो तसूभर चोर नाही, मी कुठंही साक्ष देईन. सकाळी नऊला बसतो तो रात्रीच्या जेवणाला उठतो. नागपुरात निदान मधे उठून भाजी आणायचा. इथं खाली भाजीवाला आला तरी हलत नाही, न जाणो कुणाचा फोन आला आणि उचलायला उशीर झाला तर संशय नको. खोटं झाकायला तो दीडपट काम करून राहिला आहे. त्याच्या साहेबाला हे कळलं तर तो सगळ्यांना चोरून पचमढीला पाठवेल.


पचमढी, गुरुवार

अहो,

आज तुमची फार आठवण झाली, कारण दिवसभर सरकार भेटत होतं.

छत्री घेऊन एकटीच निघाले. छावणी म्हणून रस्ते रुंद आणि स्वच्छ, बंगले आत लांबवर. 1875 चं ख्राइस्ट चर्च पाहिलं, लाल दगडाचं. मग बायसन लॉज. हा फोर्सिथ नावाच्या कॅप्टननं 1862 मध्ये बांधलेला, इथलं पहिलं साहेबी घर. आता वनखात्याचं संग्रहालय आहे. इथं प्रत्येक गाइड सांगतो की फोर्सिथ साहेबानं पचमढी शोधली. गोंड आणि कोरकू इथं आधीपासून राहत होते, महादेव तर त्यांच्याही आधीपासून, पण शोधली साहेबानं. असो. साहेबानं पुस्तक लिहिलं हे मात्र खरं, 1871 मध्ये आलं, आणि त्याच वर्षी तो तिशीतच वारला.

आता तुमच्या कामाचं. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, राजधानी आपलं नागपूर. आणि नागपूरचा मे महिना तुम्हाला काय सांगावा. तर उन्हाळा लागला की नागपूरचं सरकार इथं पचमढीला यायचं. साडेतीन हजार फुटांवर. साहेब, फायली, कारकून, चपराशी सगळा लवाजमा. पिपरियापर्यंत रेल्वे, मग घाट. साहेबांसाठी इथं राजभवनसुद्धा आहे. म्हणजे आपला पोरगा आज जे लपूनछपून करून राहिला, ते आपल्या गावचं सरकार उघडपणे, सरकारी खर्चानं, दरवर्षी करत होतं. कामं अडली असं कुणी म्हणायची छाती नव्हती. नागपुरात अर्ज घेऊन उन्हात उभ्या असलेल्या माणसाला कुणी विचारलंच नसेल.

आणि आपले लोक सत्तेत आल्यावर? 1938 च्या मे महिन्यात डॉक्टर खऱ्यांच्या मंत्रिमंडळातली भांडणं विकोपाला गेली, तेव्हा समेटाची बैठक इथंच झाली. सरदार पटेल आले होते. इतकी गार हवा, तरी डोकी काही थंड झाली नाहीत. जुलैत खऱ्यांनी राजीनामा दिला आणि त्यावरून पुढं कोण गदारोळ झाला. माझे बाबा सांगायचे, तेव्हा नागपुरात चौकाचौकात दुसरा विषय नव्हता.

मग 1956 चा नोव्हेंबर आला. विदर्भ तिकडं गेला, पचमढी इकडं राहिली. राजधानी गेल्याचं दुःख नागपूरकर रोज करतात, पण हवा खायची जागाही त्याच दिवशी परराज्यात गेली, हे कुणी बोलत नाही. आणि गंमत म्हणजे आता आपण दुसऱ्याची पचमढी झालो. 1953 च्या नागपूर करारानं एक अधिवेशन आपल्याकडं ठरलं, आणि डिसेंबर आला की मुंबईचं सरकार नागपुरात. तुमच्या नोकरीतले किती दिवाळीनंतरचे महिने मंत्र्यांच्या रविभवनाच्या रंगरंगोटीत गेले! कोणत्या कॉटेजला गिझर, कोणाला मच्छरदाणी. आणि मग मंडळी यायची, सकाळी मोर्च्यांच्या निवेदनांवर सह्या, संध्याकाळी हुरडा, सावजी, रविवारी ताडोबा. लोक सहल म्हणून हिणवायचे तेव्हा तुम्ही चिडायचात. म्हणायचात, फायली रात्री दोनपर्यंत निघतात, मी बघतो ना. तेव्हा मला पटत नव्हतं. आता पलंगावरचा पाट बघून थोडं पटतं.

फरक एकच. आमदारांच्या मागच्या भिंतीवर नागपूरच असतं आणि ते नागपूरच सांगतात.


पचमढी, शनिवार

अहो,

पोरगा सापडला. म्हणजे तसा सापडला नाही, पण सांगते.

हुशार माणसानं नागपूरपासून लपायला जागा निवडली पचमढी, आणि आठवडा निवडला नागपंचमीचा! इथल्या नागद्वार यात्रेची वाट वाघांच्या जंगलातून जाते, म्हणून वर्षात याच काही दिवसांत उघडते, आणि चालायला येतं कोण? अर्धा विदर्भ. बुधवारपासून टेम्पो, जीप, एसट्यांची रांग. एमएच 31, एमएच 40, एमएच 27. खिडकीखालून दिवसरात्र "हर बोला महादेव". साहेबांनी विचारलंच, "तुमच्याकडं मिरवणूक आहे का?" चिरंजीव म्हणाले, "श्रावण आहे ना, सर."

काल संध्याकाळी चिरंजीव बर्म्युडा घालून दूध आणायला उतरले. समोर यात्रेला आलेल्या एका मंडळाचा टेम्पो उभा. त्यातून चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेला, गळ्यात गमछा, हातात काठी असा एक पोरगा उतरला आणि ओरडला, "अबे! तू तं घरून काम करून राहिला ना बे!" त्याच्याच टीममधला. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये दोघं असतात, तो मात्र या आठवड्यात रजेवर. रीतसर. सहा महिने आधी सांगून ठेवली होती म्हणे, दरवर्षी त्यांच्या मंडळाचा भंडारा असतो.

दोघं हसले. दुधाची पिशवी धरून उभ्याउभ्या गप्पा झाल्या. त्यानं कुणाला सांगणार नाही म्हटलं, आणि तो सांगणार नाहीच, चेहऱ्यावरून पोरगा चांगला आहे. पण रात्री बघते तर आपला पोरगा दोनच्या जागी चार गोष्टी करत बसलेला. विचारलं तर म्हणतो, "त्याचं काहीतरी अडलं होतं, घेतलं मी." त्यानं मागितलं नव्हतं. यानं आपणहून डोक्यावर घेतलं. तो तिकडं भंडाऱ्यात पोळ्या वाढून राहिला आणि याच्या पाटावर त्याचं काम.

मग सूनबाई बोलल्या. माझ्यासमोर पहिल्यांदाच इतकं बोलल्या. गेल्या वर्षीची त्याची रजा बुडाली, पैसेही मिळाले नाहीत. यंदाची पडून आहे. मी म्हटलं, मग टाक ना बाबा! त्यावर तो जे म्हणाला ते मला झोपेतही आठवत राहिलं. "आई, रजा घेतली तरी काम थांबत नाही, साचून राहतं. परत गेलो की तेवढंच आधी उपसायचं. न सांगता आलो की निदान साचत नाही." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्या खात्यात तुम्ही रजेवर गेलात की तुमच्या टेबलावर दुसरा बसायचा, कसाबसा का होईना. यांच्याकडं टेबलच नाही.

एवढं मात्र मी म्हटलं, की धूपगड इथून हाताच्या अंतरावर आहे आणि बायको रोज एकटी जाऊन येते. त्यावर तो गप्प बसला. सूनबाईही गप्प बसल्या, पण त्यांचं गप्प बसणं वेगळं होतं.

आज शनिवार, सुटी, तरी याला काहीतरी "रिलीज" निघालं. मी त्या मंडळातल्या बायकांबरोबर नागद्वारला गेले. पद्मशेषपर्यंतच, पुढं माझ्यानं होईना. लोखंडी शिड्या, चिखल, दोन्ही बाजूंना ढग. कामठीची एक आजी माझ्यापेक्षा मोठी, अनवाणी, हातात काठीसुद्धा नाही, आणि मलाच म्हणते, "हळू चाला जी बाई, घाई काऊन?" सूनबाई सोबत होत्या. मोबाइलला अजिबात रेंज नव्हती. खोलीवर परतल्यावर त्यांनी फोटो दाखवले तर चिरंजीवांनी लॅपटॉप बंद केला आणि नीट सगळे पाहिले. सोमवारी मॅनेजरशी बोलतो म्हणाला. खरं सांगणार की रजा मागणार, ते स्पष्ट बोलला नाही, आणि मी विचारलं नाही. लग्न झालेला मुलगा आहे, त्याचं ऑफिस त्यानं सांभाळावं.

मंगळवारी निघू. येताना जामसावळीला मारुतीचं दर्शन घ्यायचं आहे, त्यामुळं उशीर होईल, जेवून घ्या. इथं चारोळी चांगली मिळते, पाव किलो घेतली. मधाचे भाव ऐकून बाटली परत ठेवली. दूधवाल्याला बुधवारपासून एक लिटर सांगा, आणि सकाळी फोन आला तर आभाळ जसं असेल तसं सांगा, तुमच्याकडून काही वाढवू नका.