जुनें पंचांग

घर वाढलें म्हणजे कामाची वाटणी करावीच लागते. सी भाषेंतल्या प्रोग्रामचेंही तसेंच आहे. शंभर-दोनशें ओळींचा असेपर्यंत तो एका फाइलींत सुखानें नांदतो. पुढें त्याचीं बिऱ्हाडें वेगळीं करणें भाग पडतें. कंपायलर प्रत्येक फाइलीचें भाषांतर स्वतंत्रपणें करून तिची ऑब्जेक्ट फाइल बनवितो. शेजारच्या फाइलींत काय चाललें आहे याची त्यास वार्ताही नसते. मग लिंकर त्या साऱ्या एकत्र जोडतो. सर्वांना ठाऊक असाव्यात अशा गोष्टी हेडर फाइलींत लिहावयाच्या; म्हणजे घरांत सर्वांनीं एकच पंचांग पाहिल्यासारखें होतें.

हें आम्ही वर्गांत वीस वर्षें शिकवीत आलों, आणि तरीही गेल्या वर्षीं फसलों. अंतर्गत परीक्षेच्या गुणांची यादी करण्यासाठीं आम्हीं तीन फाइलींचा प्रोग्राम लिहिला होता. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदींत आधीं क्रमांक व मग गुण, एवढेंच होतें. पुढें हजेरीही हवी झाली, म्हणून ती आम्हीं हेडरमध्यें या दोहोंच्या मधें घातली, नोंदी वाचणारी फाइल थोडी बदलली, ‘मेक’ची आज्ञा दिली आणि यादी छापून लावली.

दुसऱ्या दिवशीं एक विद्यार्थिनी आली. “सर, मला ६२च कसे?”

“वर्गांत दिसतां कुठें तुम्ही? अभ्यास कमी पडला असेल.”

ती कांहीं न बोलतां गेली. पण तिचा चेहरा आमच्याबरोबर घरीं आला. रात्रीं उत्तरपत्रिका काढून पाहतों, तों तिचे गुण ८४! ६२ ही तिची हजेरी होती. बाकीच्यांची हजेरी गुणांहून बरी असल्यानें कोणींच तक्रार केली नव्हती.

झालें होतें असें: छपाईच्या फाइलीला आम्हीं हात लावला नव्हता, म्हणून तिचें भाषांतर पुन्हा झालें नाहीं. तिची जुनी ऑब्जेक्ट फाइल क्रमांकाच्या लगतच्या जागीं गुण शोधीत होती, आणि तेथें आतां हजेरी येऊन बसली होती. लिंकर नांवें तेवढीं जुळवितो. नोंदीची मांडणी तपासणें हें त्याचें काम नव्हे.

१९७६ सालीं बेल लॅबोरेटरीजमध्यें स्टुअर्ट फेल्डमन यांनीं ‘मेक’ रचला, तो अशाच प्रसंगावरून. एका सहकाऱ्याची सबंध सकाळ आधींच दुरुस्त केलेली चूक शोधण्यांत गेली होती. बदललेली फाइल पुन्हा कंपाइल करावयाचीच राहिली होती. परंतु कोणती फाइल कशावर अवलंबून आहे, हें ‘मेक’ला सांगावें लागतें, आमच्या मेकफाइलींत हेडरचें नांवच नव्हतें. जीसीसी कंपायलरला ‘-एमएमडी’ हा पर्याय दिला, तर तो हें टिपण स्वतः लिहून ठेवतो, व मेकफाइलींत तें सामील करून घेतां येतें. आतां आम्ही तसेंच करतों.

यादी बदलली, वर्गासमक्ष त्या मुलीची क्षमाही मागितली. पण एक गोष्ट मनांतून जात नाहीं. प्रोग्राम जुन्या पंचांगावर चालला, याचा दोष मेकफाइलीवर टाकतां येईल. उत्तरपत्रिका न पाहतां आम्ही तिला बोललों, तेव्हां आमच्या हातीं कोणत्या सालचें पंचांग होतें?