झपाटलेले घर

मराठीत ‘झपाटणे’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. पिंपळावरच्या मुंजाने धरलेला माणूस झपाटलेला आणि हाती घेतलेल्या कामापुढे तहानभूक विसरणारा माणूसही झपाटलेलाच. पहिल्यासाठी घरचे लोक अंगारे-धुपारे करतात, दुसऱ्याचे चारचौघांत कौतुक होते. पण दोघांच्याही घरात रात्री उशिरापर्यंत कोणीतरी ताट झाकून वाट बघत बसलेले असते.

या दोन्ही अर्थांची गाठ एका जपानी चित्रपटात पडते. चित्रपटाचे नाव ‘क्युअर’, म्हणजे उपचार. दिग्दर्शक कियोशी कुरोसावा. थोर दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्याशी त्यांचे नाते नाही, फक्त आडनाव एक. १९९७ साली आलेला हा चित्रपट वरवर पाहता खुनांच्या तपासाची कथा आहे. त्यात गूढ आहे, भय आहे, तपासाने पछाडलेला पोलीस अधिकारी आहे आणि त्याला झुलवणारा गुन्हेगार आहे. पण चित्रपट संपल्यावर मनात रेंगाळत राहते ते एक साधे, दोन माणसांचे घर.

फुलीची खूण

टोकियो आणि आसपासच्या भागात एकामागून एक खून होतात. प्रत्येक मृताच्या गळ्यावर फुलीच्या आकाराचा घाव असतो. खून करणारा मात्र दर वेळी निराळा. कुठे शाळेतला शिक्षक, कुठे चौकीवरचा पोलीस, कुठे दवाखान्यातली डॉक्टर. सगळी पापभीरू, कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारी माणसे. ती पकडली जातात, गुन्हाही कबूल करतात. पण आपण असे का केले, हे त्यांचे त्यांनाच सांगता येत नाही.

तपासाचे काम केनिची ताकाबे या अधिकाऱ्याकडे येते. शोध घेता घेता तो एका भटक्या तरुणापाशी पोहोचतो. त्याचे नाव मामिया. त्याला काही आठवत नाही, की तो तसे भासवतो? समोरच्याने काही विचारले तर तो उत्तर देत नाही, उलट त्यालाच विचारतो, ‘तू कोण आहेस?’ समोरचा आपला हुद्दा सांगतो. मामिया तोच प्रश्न पुन्हा विचारतो. मग लायटरची ज्योत पेटते, नाहीतर पाण्याचा ओघळ फरशीवरून सरकत येतो आणि समोरचा माणूस हळूहळू बोलू लागतो.

त्या डॉक्टरबाईंचेच उदाहरण. त्यांना शल्यचिकित्सक व्हायचे होते. बाई म्हणून किती अपमान गिळावे लागले, हे मामिया त्यांच्या मनातून अलगद वर काढतो. शिक्षकाचे, पोलिसाचेही तसेच. मामिया कुणाच्या मनात काही नवे घालत नाही. तळाशी जे साठलेले असते, त्यावरचे झाकण तेवढे तो काढतो.

भूत की भ्रम?

मामिया हा मानसशास्त्राचा विद्यार्थी आणि त्याच्या अभ्यासाचा विषय होता मेस्मर. फ्रान्झ अँटोन मेस्मर हा अठराव्या शतकातला खराखुरा वैद्य. व्हिएन्नात आणि नंतर पॅरिसमध्ये त्याने मोठे नाव कमावले. प्राण्यांच्या देहात चुंबकासारखा एक अदृश्य प्रवाह असतो आणि तो वळवला की रोग बरा होतो, असा त्याचा दावा होता. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने या दाव्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए हे त्या समितीत होते. असा कोणताही प्रवाह नसतो, रुग्णांवर जो परिणाम दिसतो तो त्यांच्याच कल्पनाशक्तीचा, असा निष्कर्ष समितीने काढला. पुढे एकोणिसाव्या शतकात जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यवैद्याने या प्रकाराचा नव्याने अभ्यास केला आणि आज ज्याला संमोहन म्हणतात, त्याला नाव मिळाले.

चित्रपटात मात्र हे कोडे इतक्या सरळपणे सुटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची एक धूसर चित्रफीत पोलिसांच्या हाती लागते. तिच्यात एका स्त्रीवर संमोहनाचा प्रयोग चाललेला दिसतो. त्या स्त्रीने पुढे पोटच्या मुलाचा जीव घेतला, तोही तशीच फुली ओढून. मग हे संमोहन, की माणसामागून माणसाला धरत आलेली कसली बाधा? दिग्दर्शक उत्तर देत नाही. पडद्यावर ना भूत दिसते, ना किंकाळी ऐकू येते. तरीही अंगावर काटा येतो.

हा चित्रपट आला तेव्हा जपान दोन मोठ्या आघातांतून नुकताच सावरत होता. जानेवारी १९९५ मध्ये कोबे शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले होते. त्याच वर्षी २० मार्चला ओम् शिनरिक्यो या पंथाच्या अनुयायांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला होता. त्या अनुयायांत शिकलीसवरलेली, उच्चविद्याविभूषित माणसेही होती. शेजारी राहणारा सभ्य माणूस असे करू शकतो? हा प्रश्न तेव्हा जपानच्या घराघरांत विचारला जात होता.

घर नावाची दुसरी चौकशी

ताकाबेच्या घरी त्याची पत्नी आहे, फुमिए. तिचे मन आजारी आहे. ती ओळखीच्या रस्त्यावर हरवते. घरी कपड्यांचे यंत्र रिकामेच घरघरत राहते. ताकाबे कामावरून येतो, काही न बोलता ते बंद करतो. एके रात्री ती त्याच्यापुढे जेवण म्हणून कच्चे मांस ठेवते. तो चिडत नाही, ओरडत नाही. दोघांनी कुठेतरी सहलीला जायचे बेत करतो. बाहेरून पाहणारा म्हणेल, किती समजूतदार नवरा!

एका छोट्याशा प्रसंगात दिग्दर्शक या समजूतदारपणाचे अस्तर उलटून दाखवतो. ताकाबे कपडे आणायला लाँड्रीत गेलेला असतो. शेजारी उभा असलेला एक गृहस्थ स्वतःशीच कुणाच्या तरी नावाने खदखदून पुटपुटत असतो. दुकानदार आतून बाहेर येताच तोच गृहस्थ अदबीने बोलू लागतो. त्या दृश्यात खून नाही, रक्त नाही. तरीही सगळ्या चित्रपटाचे मर्म त्यात आहे.

ताकाबे मामियाच्या कोठडीत पुन्हा पुन्हा का जातो? गुन्हा उकलण्यासाठी, हे तर खरेच. पण एकदा त्या बंद खोलीत त्याचा बांध फुटतो आणि तो या खुन्यापुढे आपल्या घराचे बोलून जातो. आजारी पत्नीचे ओझे, थकवा, संताप, सगळे. जे त्याने वरिष्ठांना सांगितले नाही, मित्राला सांगितले नाही, डॉक्टरला सांगितले नाही, ते तो या माणसाला सांगतो. कारण उघड आहे. इतक्या दिवसांत ‘तू कोण आहेस’ हे थांबून विचारणारा, आणि उत्तरासाठी खोळंबून राहणारा, तो एकच भेटलेला असतो.

अधिकाऱ्याला खुन्याचे वेड का लागावे, याचा उलगडा इथे होतो. कोजी याकुशो या नटाने ताकाबेचा हा थकवा असा काही उभा केला आहे की चेहऱ्यावरची रेषही न हलता तो कळतो. या भूमिकेबद्दल त्यांना टोकियो चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. २०२३ साली कान महोत्सवातही ‘परफेक्ट डेज’ या चित्रपटासाठी त्यांना तोच सन्मान लाभला.

शेवटी एका उपाहारगृहात ताकाबे जेवतो. याच ठिकाणी आधी त्याने पुढ्यातल्या ताटलीला जवळजवळ हातही लावला नव्हता. आता ताटली स्वच्छ आहे. चेहरा शांत आहे. तपास संपला आहे. घरची काळजीही उरलेली नाही, आणि ती का उरली नाही हे एका ओझरत्या दृश्यातून कळते, तेव्हा त्या रिकाम्या ताटलीकडे पाहवत नाही. हा माणूस बरा झाला, की पुरता झपाटला गेला?

साधी चौकशी

ही कथा जपानची खरी, पण फुमिएचे घर कुठेही असू शकते. कुठे सासूबाईंना विस्मरण झालेले असते, कुठे तरुण मुलाचे मन ताळ्यावर नसते, कुठे नवरा वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेला असतो. भेटायला येणारे आजारी माणसाची विचारपूस करतात, फळे ठेवतात आणि जाता जाता सांभाळणाऱ्याला म्हणतात, ‘वहिनी, तुमचे मात्र कौतुक आहे हं! दुसरी कोणी असती तर कंटाळली असती.’ या एका वाक्याने वहिनींचे तोंड कायमचे बंद होते. कौतुक झाल्यावर कंटाळा आला असे सांगायचे कसे?

राग येणे हा गुन्हा नाही. आजारी माणसावर माया असतानाही त्याचा वीट येऊ शकतो, आणि म्हणून माया खोटी ठरत नाही. पण तो राग बोलून दाखवायला जागा नसली, तर तो कोणत्या दाराने बाहेर पडेल याचा भरवसा कुणी द्यावा? चित्रपटात त्यासाठी मामिया यावा लागतो. प्रत्यक्षात चिडलेला हात, लहान मुलांवर निघणारा संताप किंवा दारूची बाटली पुरते.

म्हणून अशा घरी गेल्यावर आजारी माणसाची चौकशी झाली की स्वयंपाकघरापर्यंत जावे. तिथे चहा टाकत असलेल्या बाईला, नाहीतर औषधाच्या चिठ्ठ्या लावत बसलेल्या गृहस्थांना विचारावे, ‘तुमचे कसे चालले आहे?’ पहिल्यांदा उत्तर येईल, ‘ठीक आहे.’ तेव्हा लगेच उठू नये. चहा होईपर्यंत तिथेच बसावे.