टर्बोचें तेल

आम्ही कांहीं यंत्रशास्त्राचे पंडित नव्हों. वर्गांत मराठी शिकवावें आणि सुट्टींत आईस घेऊन बेळगांवास मावशीकडे जावें, येवढाच आमचा व्यवहार. तथापि मोटारींतील एका लहानशा चक्राच्या तेलापायीं आम्ही जें शिकलों, तें विद्यार्थिमित्रांच्या कानीं घालावेंसें वाटतें. त्यांत आमची फजिती आहे, आणि मास्तरांची फजिती विद्यार्थी मन लावून वाचतात असा अनुभव आहे.

२०१७ सालीं आम्हीं एक जुनी डिझेल मोटार विकत घेतली. तिला टर्बो होता. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर वायां न दवडतां त्याच्या जोरावर एक चक्र फिरवावें, आणि त्याच आंसाच्या दुसऱ्या टोकास बसविलेल्या चक्रानें ताजी हवा दाबून इंजिनांत भरावी, अशी ही युक्ति. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्युखी यांनीं १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. अमेरिकेंत १९६२ सालीं ती प्रवासी मोटारींत आली. हा आंस मिनिटास दीड-दोन लाख फेरे घेतो. एका बाजूस सातशे अंशांच्या घरांतील धूर, दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा, आणि मधोमध आंसास आधार काय, तर मिलिमीटरच्या कांहीं शतांशांइतक्या फटींत दाबानें भरलेलें तेल! आंस त्या तेलावर तरंगतो. तेंच तेल वंगण देतें आणि तेंच उष्णता वाहून नेतें. कित्येक मोटारींत टर्बोभोंवतीं पाणीहि खेळविलेलें असतें. इंजिन बंद झाल्यावर तापलेलें पाणी आपोआप वर चढतें व थंड पाणी त्याची जागा घेतें. आमच्या गाडींत ती सोय नव्हती. थंडावा द्यावयाचा तो एकट्या तेलानें.

हें सारें आम्हांस मागाहून कळलें. तोंपर्यंत आमचा क्रम असा कीं, सावंतवाडीहून निघून आंबोलीचा घाट चढावा, आणि माथ्यावर चहाच्या टपरीपुढें गाडी उभी करितांच किल्ली फिरवावी. डिझेल वांचविल्याचें केवढें समाधान! पण इंजिन थांबलें कीं तेलाचा पंपहि थांबतो. लोखंडांतील धग मात्र थांबत नाहीं. ती आंसाकडे सरकते, व जागींच अडकलेलें तेल जळून त्याचा कोळसा होतो.

२०१८ च्या मे महिन्यांत घाटांत शिटीसारखा आवाज येऊं लागला, मागें निळा धूर दिसूं लागला. मेस्त्रींनीं टर्बो उतरविला. तेल आणणारी नळी करंगळीहून बारीक. तिच्या आंत काळी खपली धरली होती. नवा टर्बो ३८,००० रुपयांस पडला.

आतां आमच्यांतील पंडित जागा झाला. कचरा हाच शत्रु ना? मग टर्बोच्या तोंडाशींच बारीक जाळीची एक गाळणी बसवावी! मेस्त्री म्हणाले, "मास्तर, इंजिनाला फिल्टर आहे. ही दुसरी चोंदली, तर तुम्हांला कळणार कसें?" आम्हीं त्यांस शुद्धतेवर चार वाक्यें ऐकविलीं. आमच्या मास्तरपणाचा मान राखून त्यांनीं गाळणी बसविली.

इंजिनाच्या फिल्टरांत कागदाच्या पुष्कळ घड्या असतात. कचरा धरून ठेवण्यास जागा भरपूर. शिवाय तो चोंदलाच, तर एक झडप उघडून तेल न गाळतां पुढें जातें. मळकें तेल वाईट खरें, पण तेल मुळींच न पोंचणें त्याहून वाईट, हें ओळखून केलेली ती तजवीज. आमच्या गाळणीस ना जागा, ना झडप. आधींच्या मालकानें तेल बदलण्यांत आळस केलेला. फिल्टरच्या पुढच्या वाटांतहि जुना गाळ होता. तो सुटून जाळीवर बसूं लागला.

२०१९ च्या जानेवारींत बेळगांवास आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती. घाट अर्धा चढलों आणि गाडीचें बळच गेलें. सकाळची थंडी. आईनें कांहीं विचारिलें नाहीं. पदर डोक्यावरून घेतला व रस्त्याकडेच्या दगडावर बसली. पाऊण तासानें एस. टी. आली. आम्ही पोंचलों तों शस्त्रक्रियेची वेळ टळली होती. ती पुढें बारा दिवसांनीं झाली. ते बारा दिवस आई भिंतीस हात लावीत स्वयंपाकघरांत जात असे, आणि आम्ही तें पाहत असूं.

मेस्त्रींनीं गाळणी आमच्या हातांत दिली. जाळी काळ्या चिखलानें लिंपली होती. ते बोलले कांहीं नाहींत, आणि आम्हीहि या खेपेस स्टुलावर गप्प बसलों. त्यांनीं इंजिनाखालचें तेलाचें चेंबर उतरवून धुतलें. तेल आणणारी नळी धुण्याच्या भानगडींत न पडतां नवीच घातली. परतीची नळी जाड व उतरती असते. तिला पंप नाहीं, तेल आपल्या वजनानेंच खालीं येतें. ती अडली तर तेल आंसाच्या कडेनें धुरांत शिरतें, म्हणून तीहि मोकळी असल्याची खात्री केली. नवा टर्बो जोडण्यापूर्वीं त्याच्या छिद्रांत हातानें तेल ओतलें. "पहिल्या फेऱ्याला कोरडा नको," येवढेंच म्हणाले. गाळणीचें नांव कोणीं काढलें नाहीं.

आतां आंबोलीच्या माथ्यावर पोंचलों कीं दोन मिनिटें इंजिन मंद चालू ठेवून आम्ही आंतच बसतों. टपरीवाल्यानें आम्हांस ओळखून पेले भरलेले आईस कांचेंतून दिसतात.

"अरे, चहा निवतोय," ती म्हणते. आम्ही घड्याळाकडे पाहतों.