टाकीवरचा वीस

पेण, १ जून २०२५

चि. बाळ्यास,


आरएक्सचा फोटो पाहून तू विचारलंस, "मामा, अण्णांच्या गाडीवर हे २० कोणी काढलं?" नीसमध्ये राहून हे विचारतोस! तुझ्याच गावच्या पोराचा नंबर तो. फाबिओ क्वार्टारारो, मोटरसायकलच्या शर्यती खेळणारा, जन्म १९९९.

अण्णांची यामाहा आरएक्स १०० तुला आठवते ना? वडखळ-नागोठण्यावरून ती रोह्यात शिरली, की ताई आवाजावरूनच चहाचं आधण ठेवायची. अण्णा गेले आणि गाडी पडवीत गोणपाटाखाली गेली. तुझ्या दादाने २०२१ मध्ये, लॉकडाउनमुळे घरात अडकून पडलेला असताना, कार्ब्युरेटर खोलून ती पुन्हा जिवंत केली. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला फाबिओ मोटोजीपीचा विश्वविजेता झाला, तोही यामाहावर. सगळ्यात वरच्या गटात हा मान मिळवणारा पहिला फ्रेंच. दादा तेव्हापासून त्याचा भक्त.

मला आधी हे खूळच वाटलं. मग दादाने त्याची सगळी कथा ऐकवली. पोरगा एवढा वेगवान, की सोळा वर्षांच्या आत त्याला जागतिक शर्यतीत घेण्यासाठी वयाचा नियम सैल केला. आणि तिथे गेल्यावर? तीन वर्षं एकही शर्यत जिंकला नाही. पहिला विजय २०१८ मध्ये, बार्सिलोनात. पुढच्या वर्षी मोटोजीपीत घेतलं तेव्हा याला कशाला, असं म्हणणारे पुष्कळ होते.

आता नंबराचं. २४ सप्टेंबर २०२३, रविवार. आदल्याच दिवशी गौरी-गणपती बोळवलेले. मोटोजीपी पहिल्यांदाच भारतात, ग्रेटर नोएडाला. आमच्या शेजारी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारे काका राहतात. हंगाम संपलेला, हात मोकळे, म्हणून तेही टीव्हीसमोर बसले. बेझेक्की पहिला, मार्टिन दुसरा, फाबिओ तिसरा. काका म्हणाले, "गाडी सरळ रस्त्यावर मागे पडते, पण वळणावर पोरगा केवढा उशिरा ब्रेक मारतो!" शर्यत आयुष्यात पहिल्यांदा बघणारा माणूस हा. पण खरंच, तेव्हा यामाहाचं इंजिन डुकाटीपुढे कमी पडत होतं. ती कसर हा वळणावर भरून काढायचा.

दादाने लगेच रंग आणून दिला. "काका, टाकीवर वीस काढा." काकांनी काढला, आपला मराठीतला २०! दादा दोन दिवस धुसफुसला. पण शून्याची ती गोलाई बघ, बाप्पाच्या डोळ्याची आहे. मी पुसू दिला नाही.

फाबिओ शेवटचा जिंकला त्याला या महिन्यात तीन वर्षं होतील. गेल्या रविवारी सिल्व्हरस्टोनला आरामात पुढे होता, आणि गाडीचा मागचा भाग खाली दाबून धरणारं यंत्रच अडकलं. रस्त्याच्या कडेला बसून रडला बिचारा. जिंकला परत तो बेझेक्कीच. दादा जेवला नाही. मे महिन्यातच तुमच्या ल माँला झार्को पावसात जिंकला, तोही फ्रेंच, तिथे फाबिओ पडला. दादाला म्हटलं, झार्कोचा पाच काढू का? तोंड फिरवून गेला.

काका मात्र दर सोमवारी कुंपणावरून विचारतात, "आपला वीस कितवा आला?"

पावसाळ्यात गाडी बाहेर काढत नाही. टाकीला प्लास्टिक गुंडाळलंय.

तुझा,
मामा