दूरचित्रवाणी-संचाचा खांदेपालट

ज्या मनुष्याची उभी हयात महसूल खात्यात गेली, त्याला कोणतीही वस्तू निकालात काढण्यापूर्वी तिच्या निरुपयोगीपणाची रीतसर शहानिशा केल्याखेरीज चैन पडत नाही. आणि आमच्या दिवाणखान्यातील एकवीस इंची रंगीत दूरचित्रवाणी-संचाच्या बाबतीत तर ही शहानिशा इतकी लांबली, की घरातील मंडळींनी मजविषयीची आशाच सोडली होती. १९९६ सालच्या विश्वचषक क्रिकेट स्पर्धेचे निमित्त साधून तो घेतलेला. आळीतील त्याचे समवयस्क एकामागून एक भंगारात गेले, २०१३ साली पुण्यातील केबलचे डिजिटलीकरण होऊन प्रत्येक संचाच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्सचा जिझिया कर बसला, तरी आमचा संच पिवळ्या, तांबड्या आणि पांढऱ्या वायरींच्या आधाराने आपले काम इमानेइतबारे बजावीत होता. सुरू करताना त्याच्या पोटातून ‘टण्ण’ असा एक गंभीर नाद उठे, आणि त्या नादासरशी स्वयंपाकघरातील मंडळींना बातम्यांची वेळ झाल्याचे कळे. पडद्याच्या मागील पोलादी जाळीवर साचलेले चुंबकत्व पुसून टाकणारे तारेचे एक वेटोळे आत असते व हा नाद त्याचा, हे ज्ञान मला फार पुढे झाले.

त्याच्या अखेरच्या वर्षी मात्र लक्षणे स्पष्ट दिसू लागली. बटण दाबल्यावर आवाज तत्काळ येई, परंतु चित्र उगवण्यास इतका विलंब लागे की वृत्तनिवेदिकेचे निम्मे मथळे अंधारातूनच ऐकावे लागत. आणि उगवले तरी ते तांबूस उगवे, निळा रंग मागाहून, जणू नाइलाजाने, येऊन मिळे. आमच्या मेकॅनिकला बोलावणे धाडले. हे गृहस्थ आता मोबाइलची दुरुस्ती करतात, परंतु जुन्या ऋणानुबंधाला स्मरून ते पिशवीसह आले. संचाचे मागील झाकण त्यांनी काढले, तेव्हा आतील धुळीचा थर पाहून सौभाग्यवतींनी लज्जेने मान खाली घातली. वास्तविक त्या धुळीशी त्यांच्या झाडलोटीचा काडीमात्र संबंध नव्हता. वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब जेथे नांदतो, तेथे आसमंतातील धूळ आपल्या पायांनी चालत येते.

या दाबाविषयी मेकॅनिकच्या ठायी मी जो आदर पाहिला, तो त्यांनी कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याविषयी दाखविल्याचे मला स्मरत नाही. प्लग काढलेला होता, तरीही त्यांनी एक हात पाठीमागे ठेवला, एका लांब पेचकसाला वायर बांधून तिचे दुसरे टोक ट्यूबभोवतीच्या उघड्या तारेला जोडले, आणि ट्यूबच्या कुशीवर बसलेल्या काळ्या रबरी टोपीखाली पेचकसाचे अग्र हळूच सरकविले. ‘चट्’ असा आवाज होऊन निळी ठिणगी उडाली. “हे बघा साहेब, बंद असली तरी करंट धरून बसते,” ते म्हणाले. पुढे आपल्याजवळच्या मीटरने त्यांनी बराच वेळ मोजमाप केले व निकाल दिला, “ईएचटी, म्हणजे आतलं हाय व्होल्टेज, चांगली आहे. ट्यूबच वीक झालीय. बूस्ट करून देतो म्हटलं तर देईन, पण गॅरंटी नाही. आणि नवी ट्यूब आता मिळणार कुठं?” ट्यूबच्या मानेत तीन लहानशा बंदुका असतात, त्यांच्या तोंडाशी तापत्या धातूवर जो लेप असतो त्यातून इलेक्ट्रॉन निघतात, आणि ते पडद्याच्या आतील बाजूच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या ठिपक्यांवर आदळून सेकंदाला पंचवीस चित्रे, प्रत्येक चित्र ६२५ ओळींचे, या हिशेबाने आपल्यासमोर उमटवितात. तो लेपच झिजला होता. ज्या निदानावर अपील नाही, असे निदान ऐकल्यावर मनुष्य एक प्रकारे निश्चिंत होतो, मीही झालो.

नव्या संचाच्या खरेदीकडे वळण्यापूर्वी एक जुनी हकीकत नमूद केली पाहिजे, कारण पुढील प्रकरणाशी तिचा थेट संबंध आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच्या पुढल्या वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यावरून त्याचे कार्यक्रम पुण्यास दिसू लागले. पेठांतील कौलांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांची अरण्ये उभी राहिली व त्या साऱ्यांची तोंडे सिंहगडाकडे वळली. ज्या गडाकडे पुणेकराने इतिहासाच्या अभिमानाने पाहावे, त्याकडे तो आता ‘गजरा’ आणि ‘चिमणराव’ स्वच्छ दिसावेत या अपेक्षेने पाहू लागला. आमच्या घरी कृष्णधवल संच यावयास आणखी काही वर्षे लागली. त्याला लाकडी पेटी, तीस सरकत्या फळ्यांचे दार आणि त्या दाराला कुलूप होते. किल्ली वडिलांच्या जानव्याला असे. परंतु किल्लीहूनही महत्त्वाची वस्तू म्हणजे परवान्याचे पुस्तक. दूरचित्रवाणी पाहावयाची तर सरकारची परवानगी हवी, दरसाल पोस्टात जाऊन फी भरावयाची, पुस्तकात तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यावयाचा, असा शिरस्ता होता. शिक्का पुसट उमटला तर वडील तो दुसऱ्यांदा मारून मागत. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास हा परवाना रद्द झाला, तेव्हा लोकांना आनंद झाला. वडिलांना मात्र सरकारने आपल्यावरील लक्ष काढून घेतल्यासारखे वाटले असावे, कारण ते पुस्तक त्यांनी घराच्या खरेदीखताशेजारी जपून ठेवले.

दुकानाविषयी फारसे लिहिण्याजोगे नाही. भिंतभर संच मांडलेले, सर्वांवर एकच मासा पोहत होता, आणि त्या माशाचा रंग सृष्टीत कोठेही आढळणार नाही इतका भडक होता. विक्रेता तरुण विनयशील होता. ‘एलईडी’ म्हणून जो विकला जातो, त्यात चित्र घडविणारे काम द्रवस्फटिकांचेच असते, ते स्वतः प्रकाशत नाहीत, मागील दिव्यांचा प्रकाश अडवितात किंवा जाऊ देतात, एवढे त्याने मला समजावून दिले. म्हणजे जुन्या नळीत पडदा स्वतः प्रकाशत असे, येथे तो केवळ जकातनाक्याचे काम करतो. त्रेचाळीस इंचांचा संच मुक्रर झाला. घरी तो दोन पोरांनी जिन्यावरून हसत-बोलत वर आणला. त्याच्याहून निम्म्या रुंदीचा जुना संच खाली न्यावयास पुढे तिघांना धापा टाकाव्या लागल्या.

संच भिंतीवर टांगावा, अशी नातीची इच्छा. आमचा वाडा जुना. दर्शनी भाग विटांचा दिसला तरी आतील भिंत मातीच्या भेंड्यांची. बसवावयास आलेल्या मुलाने ड्रिल लावताच भिंतीतून पिवळी माती ओंजळभर खाली आली, आणि प्लास्टिकचा गट्टू त्या भोकात घातल्यावर बोटाने ओढून पुन्हा बाहेर काढता आला. “काका, ही भिंत वजन घेणार नाही,” तो म्हणाला. पेशवाईअखेरच्या भिंतीने आठ-नऊ किलोंचा भार नाकारावा याचे मला वैषम्य वाटले नाही. तिने यापूर्वी बरेच भार सोसले आहेत. संच जुन्याच मेजावर, आपल्या दोन पायांवर उभा राहिला. जुन्या संचाच्या माथ्यावर राहणारा पितळी गणपती आणि दोघा मुलांच्या मुंजीचा फोटो यांना मात्र जागा उरली नाही. सौभाग्यवतींनी त्या पडद्याची कड निरखून पाहिली, तिच्यावर उदबत्तीची काडीही उभी राहणार नाही अशी खात्री करून घेतली, आणि काही न बोलता दोन्ही वस्तू फडताळात नेऊन ठेवल्या.

यानंतर खरे प्रकरण उपस्थित झाले. वीजप्रवाह सुरू होताच, चित्र दिसण्याच्या आधी, पडद्यावर इंग्रजीतला एक दस्त अवतरला आणि त्याच्या तळाशी मान्यतेची चौकट. बसविणारा मुलगा रिमोट घेऊन ती दाबणार, एवढ्यात मी त्याला थांबविले. ज्याने आयुष्यभर इतरांची खरेदीखते, गहाणखते, कबुलायती तपासल्या, तो स्वतःच्या दिवाणखान्यात न वाचलेल्या कागदावर कसा सही करील? “काका, सगळे ॲग्रीच करतात,” तो म्हणाला. मी त्याला बसावयास सांगितले व चहा मागविला. बाणाचे बटण दाबीत मी एकेक कलम वाचू लागलो. कलमे संपता संपेनात, एका कलमातून दुसऱ्या दस्ताकडे बोट दाखविलेले असे व तो दस्त उघडला की त्यातून तिसरा निघे. मुलाचा चहा संपला, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन येऊन गेला. सूनबाई अवघडून हसत म्हणाली, “बाबा, त्यांना जाऊ दे, आपण नंतर वाचू.” परंतु आधी सही व मागाहून वाचन, हा क्रम कोणत्याही कचेरीत मान्य होण्याजोगा नाही.

आणि वाचल्याचे सार्थक झाले. मान्यतेच्या चौकटी एकाऐवजी तीन होत्या. पहिली संचाच्या सर्वसाधारण वापराची होती व ती रास्त दिसली. दुसरीत मात्र असे लिहून द्यावयाचे होते, की या पडद्यावर जे जे दिसेल, मग ते केबलवरून येवो, इंटरनेटवरून येवो अथवा संचाला जोडलेल्या अन्य यंत्रातून, त्याची ओळख संचाने स्वतः पटवावी व ती माहिती कंपनीकडे पाठवावी, यास लिहून देणार यांची संमती आहे. तिसरी त्या माहितीच्या आधारे जाहिराती दाखविण्याची. हे ऐकून मुलाने मला सांगितले, की अमेरिकेत अशाच एका उत्पादकाने सुमारे एक कोटी दहा लाख संचांतून लोकांना न विचारता ही माहिती गोळा केली होती, व २०१७ साली तेथील व्यापार आयोगाशी तडजोड करताना त्याला २२ लाख डॉलर मोजावे लागले. आमच्या कंपनीने निदान विचारले तरी, हे तिच्या बाजूने नोंदविले पाहिजे.

वडिलांचे परवान्याचे पुस्तक मला त्या क्षणी आठवले. त्या काळी संच पाहण्याचा परवाना मालकाला सरकारकडून मागावा लागे, दरसाल पैसे मोजून, आणि तो न घेणारा गुन्हेगार ठरे. आज मालकाला पाहण्याचा परवाना संच मागतो, फुकट, तहहयात, आणि न देणारा फार तर विक्षिप्त ठरतो. दोहोंपैकी पहिली व्यवस्था मला अधिक प्रामाणिक वाटते. ती करकरीत होती, तिची पावती मिळे, तिची मुदत संपे. सरकारच्या दप्तरदिरंगाईला मी आतून ओळखतो. आमच्या घरी कोण कोणता कार्यक्रम पाहतो याची नोंद ठेवण्याची त्या दप्तराला इच्छा झाली असती, तरी ती नोंद कोणत्या तरी गठ्ठ्यात वाळवीच्या स्वाधीन झाली असती. येथे वाळवीची सोय नाही. मी पहिल्या चौकटीत मान्यता दिली, उरलेल्या दोन कोऱ्या ठेवल्या. “मग काही ॲप चालणार नाहीत बहुतेक,” असा इशारा देऊन मुलगा गेला. सर्व ॲप चालली.

जुन्या संचाची विल्हेवाट अद्याप बाकी होती. विनिमय योजनेत दुकानदाराने त्याची किंमत बिलातून वजा करून दिली खरी, परंतु संच न्यावयास कोणी फिरकले नाही. तगादा लावल्यावर “ठेवा तुमच्याकडेच” असे उत्तर मिळाले. दारावरच्या भंगारवाल्याने त्याकडे तज्ज्ञाच्या नजरेने पाहिले. त्याला मानेभोवतीच्या वेटोळ्यातील तांबे हवे होते. ट्यूब तो मुठेकाठी फोडून टाकणार, हे त्याने निःसंकोच सांगितले. त्या ट्यूबच्या मागील नरसाळ्याच्या काचेत क्ष-किरण अडविण्यासाठी शेकडा वीसहून अधिक शिशाचे ऑक्साइड असते, आणि समोरच्या पडद्याच्या आत पोकळी असल्यामुळे फोडताना ती काच आत कोसळून चौफेर उडते. मी सौदा मोडला. सूनबाईने ई-कचरा घेणारे केंद्र शोधून काढले. तेथील गाडी आली, पैसे मिळाले नाहीत, परंतु शिक्क्यासह पावती मिळाली. ती मी वडिलांच्या पुस्तकात ठेवली आहे.

नव्या संचाचे चित्र उत्तम आहे, हे कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही. फलंदाजाने टोलविलेला चेंडू आता मला सीमेपर्यंत दिसतो. आवाज मात्र पोकळ, कारण एवढ्याशा जाडीत ध्वनिक्षेपकाने राहावे कोठे? जुन्या दूरदर्शनचे कार्यक्रम चारास तीन या प्रमाणात चित्रित झालेले असल्यामुळे सोळास नऊच्या या पडद्यावर त्यांच्या दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या उरतात. नात ते चित्र ताणून पडदाभर करते, मग त्यातील प्रत्येक कलावंत वीस वर्षांत न वाढलेले वजन एका क्षणात वाढवून बसतो. मी पुन्हा पट्ट्या आणतो. हा वाद घरात मिटलेला नाही. शिवाय संच अधूनमधून स्वतःची प्रणाली अद्ययावत करून घेतो, आणि त्यानंतर त्या दोन कोऱ्या चौकटी नव्या मसुद्यासह फिरून पडद्यावर हजर होतात. आता घरातील सर्वांना सक्त ताकीद आहे की ते पान दिसताच कोणी काही दाबू नये, मला हाक मारावी. परवा नातीने हाक मारली. मसुद्यात कलमे वाढलेली होती. चष्मा लावून पहिली काही वाचली, तोवर बातम्यांची वेळ झाली, तेव्हा ‘नंतर’ या बटणावर दाब देऊन प्रकरण तूर्त पुढील तारखेवर ठेवले.