हवेत घडलेली सोंड

व्हीआरचा (आभासी वास्तवाचा) हेडसेट चढवला, दोन्ही हातांत कंट्रोलर घेतले आणि हत्तीची सोंड घडवायला घेतली. मॉनिटरवर हेच करायचं तर ठोकळा ताणून त्याचे बिंदू एकेक करत सरकवावे लागतात. इथे उजवा हात कपाळापासून खाली नेला, शेवटी आत वळवला आणि सोंड झाली!

सॉफ्टवेअर होतं ‘मीडियम’. ऑक्युलसने ते 2016 मध्ये आणलं आणि 2019 मध्ये अडोबीने विकत घेतलं. त्यातली सोंड गालाला भिडवली की दोन्ही आकार असे एकजीव होतात, की सांधा शोधूनही सापडत नाही.

यामागची कल्पना जुनी आहे. 1982 मध्ये जिम ब्लिन यांनी रेणूंची चित्रं काढण्यासाठी ती मांडली. प्रत्येक अणूभोवती एक क्षेत्र मानायचं. दूर जाऊ तसं ते क्षीण होत जातं. सगळ्या क्षेत्रांची बेरीज जिथे ठरावीक आकड्याइतकी भरते, तिथे पृष्ठभाग. दोन गोळे जवळ आले की मधली बेरीज वाढते, ते एकमेकांकडे फुगतात आणि जुळतात. जपानी संशोधकांनी अशा गोळ्यांना ‘मेटाबॉल’ म्हटलं.

मीडियममध्ये जागेचे बारीक घन पाडलेले असतात आणि पृष्ठभाग किती दूर आहे, याची नोंद त्यांत असते. हात फिरला की या नोंदी बदलतात. अशा आकड्यांवरून त्रिकोणांची जाळी विणण्याची प्रसिद्ध पद्धत लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी 1987 मध्ये मांडली, तीही वैद्यकीय स्कॅनसाठी.

बारकावा मात्र महाग पडतो. प्रत्येक दिशेने घन दुप्पट बारीक केले, तर त्यांची संख्या आठपट होते. इकडे ऑक्युलसच्या मूळ रिफ्ट हेडसेटला सेकंदाला 90 चित्रं लागत. त्यात खंड पडला तर बघणाऱ्याला गरगरतं.

पोट, गाल, कानांच्या पाळ्या झटपट जमल्या. हत्ती मोठा करून त्याच्या पोटाखाली उभी राहिले, तेव्हा मागच्या पायांचा तोल चुकलेला लगेच दिसला. सुळ्यांची टोकं मात्र बोथटच राहिली. शाडू दाबला की बोटाला उलट दाब जाणवतो; इथे हात आरपार जातो, त्यामुळे किती दाबलं ते डोळ्यांनीच ठरवावं लागतं. हात अधांतरी धरल्याने खांदाही लवकर भरून येतो.

म्हणून ढोबळ घडण, प्रमाण आणि डौल व्हीआरमध्ये साधावा. पापणी, नखं, सुळ्यांच्या कडा नंतर टेबलाशी बसून मॉनिटरवर कराव्यात.