अडीच फुटांची ओळख

पाठीवर पिशवी टाकून परक्या मुलखात हिंडण्याचे एक वय असते. ते वय माझ्या आयुष्यात आले तेव्हा मी बँकेत लेजरे लिहीत होतो. त्यामुळे हा कार्यक्रम मला ६२ व्या वर्षी उरकावा लागला, आणि तोही ब्राझीलमध्ये.

त्याचे असे झाले. आमची कन्या नोकरीनिमित्त साओ पावलोला असते. नातीच्या ओढीने आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. अठराव्या मजल्यावरच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचा अठरावा मजला आठ दिवस पाहिल्यावर मला कंटाळा आला. जावयांची एक जुनी पाठपिशवी कोपऱ्यात पडली होती. "मी जरा चार गावं बघून येतो," मी जाहीर केले. सौ. नातीची वेणी घालीत होती. मान वर न करता तिने विचारले, "तिथं पोहे मिळतात का?" ही तिची परवानगी देण्याची रीत आहे.

'मीनास जेराइस' नावाचा एक डोंगराळ प्रांत आहे. नावाचा अर्थच खाणी. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे सोने सापडले आणि पुढच्या शंभर वर्षांत डोंगरांच्या घळींतून उंच मनोऱ्यांची चर्चे असलेली गावे उभी राहिली. सोने पोर्तुगालला गेले, ते खणणाऱ्या आफ्रिकन गुलामांची हाडे इथेच राहिली, आणि गावे तेवढी जुन्या पैठणीसारखी घडीवर विरत पडून आहेत. ओउरो प्रेतो पाहिले, मारियाना पाहिले. त्यांची वर्णने कुठल्याही प्रवासपुस्तकात मिळतील, म्हणून वाचकांना इथे छळत नाही.

पोर्तुगीज मला येत नव्हती, असे मी समजत होतो. पहिल्याच मुक्कामी खाणावळीच्या मालकिणीने माझ्या हातात किल्ली ठेवून म्हटले, "शावी." मी चमकलो. ही तर आमची चावी! मग मी कान देऊन ऐकू लागलो. पाव तिथे 'पाउं', बटाटा तो 'बाताता', फीत ती 'फिता'. नाताळाला तेही 'नाताल'च म्हणतात. 'पगार' म्हणजे मात्र पैसे देणे, घेणे नव्हे. नोकरीतली ३५ वर्षे मी हा शब्द उलट्या बाजूने वापरीत होतो. आपला कोबी ज्या 'कोउवी'वरून आला ती तिथे गड्डा न धरणारी पालेभाजी निघाली. तंबाखूसारखी बारीक चिरून लसणीवर परततात, झकास लागते. गोव्याच्या वाटेने आलेली ही सगळी मंडळी आपल्या घरी इतकी रुळली आहेत, की त्यांचे माहेर भेटल्यावर मलाच अवघडल्यासारखे झाले. आपणही काही घेतलेच आहे असे नाही, दिलेही आहे. तिथल्या परसात उभे असलेले आंब्याचे आणि फणसाचे झाड पोर्तुगीज गलबतांतून आपल्याकडूनच गेले. त्यांचा 'मांगा' आणि 'जाका' हे शब्द मूळचे मल्याळी. पेरू आणि काजू उलट तिकडून इकडे आले.

एवढ्या शब्दसंपत्तीवर मी शाकाहारी जेवण मागू लागलो. "सें कार्नी," म्हणजे मांस नको, हे मी मोबाइलमधल्या दुभाष्याकडून पाठ करून घेतले होते. पोऱ्याने मान डोलावली आणि हॅम घातलेला भात आणला. तिथे 'कार्नी' म्हणजे प्रामुख्याने गोमांस. डुक्कर बिचारे त्यात धरीत नाहीत! पुढचे दिवस मी वजनावर जेवण देणाऱ्या खाणावळींत काढले. आपल्या हाताने ताट वाढून घ्यायचे, ते काट्यावर ठेवायचे आणि किलोच्या भावाने पैसे मोजायचे. भात, राजम्यासारखी उसळ, ती कोउवी. आपल्या जेवणाचे वजन किती असते हे मला साठी उलटल्यावर कळले.

असा हिंडत साओ जुआंव देल-रेइ या गावी आलो. एक दिवसाचा मुक्काम ठरवला होता. राहिलो सहा दिवस. हे घंटांचे गाव. चर्चच्या घंटा इथे केवळ वाजत नाहीत, बातमी सांगतात. कोणी गेले तर तो पुरुष की स्त्री हे ठोक्यांवरून कळते आणि दुकानात वाणी हातातले माप थांबवून मोजतो. या घंटावादनाला सरकारने २००९ साली राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. मी मात्र घंटांसाठी थांबलो नाही. थांबलो तो रुळांसाठी.

स्टेशन गावातच, नदीकाठी आहे. सहज म्हणून आत गेलो. रूळ दिसले आणि माझा पाय आपोआप पुढे पडला, एका रुळावरून दुसऱ्या रुळावर. बरोबर एका ढांगेत. डोक्याला कळण्याआधी पायाला कळले, की हे अंतर आपल्या ओळखीचे आहे. अडीच फूट. कुर्डुवाडीला शाळेत जाताना मी रोज हीच ढांग टाकीत असे.

वाचकांपैकी सोलापूर, पंढरपूर, लातूरकडच्या मंडळींना बार्शी लाइट रेल्वे आठवत असेल. १८९७ साली सुरू झालेली, पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचलेली ती छोटी गाडी. १९५४ साली ती सरकारने घेतली, तरी लोकांच्या तोंडी नाव तेच राहिले. माझे वडील त्या गाडीवर गार्ड होते.

हे वाक्य आज मी सरळ लिहितो आहे. पुण्याला कॉलेजात असताना मी एवढेच सांगत असे, "वडील रेल्वेत आहेत." कुठल्या रेल्वेत, हे कोणी विचारू नये म्हणून लगेच विषय बदली. कारण त्या गाडीवरचे सगळे विनोद मला पाठ होते. चालत्या गाडीतून उतरून माणूस विधी उरकून पुन्हा चढतो, म्हातारी म्हणते घाई आहे म्हणून चालतच जाते, वगैरे. मित्र हसत आणि मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसे. या शतकाच्या पहिल्या दशकात तो मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद करायला काढला. बाबांचा फोन आला, "आपली गाडी बंद होतेय रे. शेवटच्या फेरीला येतोस का?" माझ्याकडे ऑडिट चालू होते. ऑडिट नेहमीच चालू असते. ते एकटे जाऊन आले. दोन वर्षांनी ते गेले.

तर त्या परक्या स्टेशनात मी रुळांवरून ढांगा टाकीत होतो, आणि बाकावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे पाहत होते. डोक्यावर गवती टोपी, हात मोठे, काळसर डागांचे. वेडा समजू नये म्हणून मी जवळ जाऊन मोबाइलमधल्या दुभाष्याला सांगितले, की माझे वडील अशाच गाडीवर होते, भारतात. यंत्राने ते पोर्तुगीजमध्ये म्हटले. गृहस्थ उठले, दोन्ही हातांनी त्यांनी माझा हात धरला आणि काहीतरी बोलत सुटले. यंत्राची दमछाक झाली. एवढे समजले, की १८८१ साली सम्राट दुसरे पेद्रू यांच्या हजेरीत या लोहमार्गाचे उद्घाटन झाले होते, तो एकेकाळी शेकडो किलोमीटर होता, आणि १९८० च्या दशकात शेवटचा मोठा तुकडा बंद झाला तोपर्यंत हे गृहस्थ इंजिनावर फायरमन होते. आता उरला आहे फक्त १२ किलोमीटरचा, शेजारच्या तिरादेंतिसपर्यंत.

नावांची देवघेव झाली. पण ती एकमेकांच्या जिभेवर काही बसेनात. त्यांनी मला 'इंडिया' म्हणायचे ठरवले, मी त्यांना 'दादा'. ते ७४ वर्षांचे आहेत, तेव्हा गैर काहीच नव्हते.

संध्याकाळी त्यांनी घरी बोलावले. दाराला घंटा नव्हती. मी घुटमळलो, तेव्हा रस्त्यावरच्या एका पोराने खूण केली : टाळ्या वाजवा. तिथे परक्या दारी उभे राहून टाळ्या वाजवण्याची पद्धत आहे. आयुष्यात प्रथमच मी एका बंद दारासमोर एकट्याने टाळ्या वाजवल्या, आणि दार उघडले.

स्वयंपाकघरात चूल होती. आपली लाकडाची चूल, उंच ओट्यावर बांधलेली. वहिनींनी पितळी चमचा खाली ठेवून माझे दोन्ही गाल आपल्या गालांना लावले. मी अंग चोरले; आमच्याकडे वहिनी लांबूनच चहा ठेवतात. मग कॉफी आली, काळी आणि गोड, आणि 'पाउं दी केजू' नावाचे चीजचे गरम गोळे. वहिनी ताट पुढे करून आग्रहाने काही बोलल्या. यंत्राने गंभीरपणे मराठीत सांगितले, "ही आगगाडी गरम आहे तोवर खा."

दादा हसून हसून खोकले. त्या प्रांतात कुठल्याही वस्तूला 'त्रेंग', म्हणजे आगगाडी, म्हणतात. खाण्याची वस्तू आगगाडी, हरवलेली वस्तू आगगाडी. त्यांच्यातलाच एक विनोद दादांनी सांगितला : फलाटावरचा नवरा बायकोला म्हणतो, "तुझ्या आगगाड्या उचल, ती वस्तू येतेय!" म्हणजे छोट्या गाडीचे विनोद तिकडेही होते. फरक एवढाच, की दादा ते स्वतः, आणि लाडाने, सांगत होते.

मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. वडिलांच्या गाडीची इंजिने कुठल्या कारखान्याची? इथली अमेरिकेची, बाल्डविनची. मी पहिल्याच दिवशी शिकलेले वाक्य म्हटले, "नाउं सेइ." माहीत नाही. डबे किती असत? नाउं सेइ. घाटात चाक घसरले तर रुळांवर वाळू टाकीत का? नाउं सेइ. गार्डाच्या डब्यात ते बसत कुठे, खाली की उंचावर? मी चुलीकडे पाहत राहिलो. २३ वर्षे मी त्या माणसाच्या घरात जेवलो होतो, आणि परक्या देशातला एक फायरमन माझ्याकडे त्याच्याविषयी विचारीत होता तर माझ्यापाशी चार विनोदांखेरीज काही नव्हते.

दादांनी माझा पेला पुन्हा भरला. म्हणाले, "माझा मुलगा बेलो ओरिझोंतीला असतो. त्याला विचारलंत तर तोही हेच सांगेल." आणि हसले. मी उठू लागलो तशा वहिनी म्हणाल्या, "ता सेदु!" अजून लवकर आहे. अगदी आपल्या 'बसा हो, इतक्यात कुठं?'च्या सुरात. त्यानंतर दीड तास मी निघतच होतो.

परत येऊन आक्काला फोन लावला. तिथले रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेचार. आमची आक्का त्या वेळी उठलेलीच असते. ती अजून कुर्डुवाडीतच राहते. मी तिला विचारले, "आक्के, बाबांच्या गाडीची इंजिनं कुठली होती?"

"तुला आत्ता आठवण झाली?" ती म्हणाली. मग थोडा वेळ गेला. "जुनी इंजिनं लीड्सची. किट्सन कंपनीची. बाबा नाव घेताना टोपीला हात लावायचे." त्यानंतर तिने जे सांगायला घेतले ते पाऊण तास चालले. वारीच्या दिवसांत माणसे टपावर बसत आणि बाबा प्रत्येक स्टेशनात त्यांना विनवून खाली उतरवीत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत लाल-हिरवी झेंडी, शिट्टी, हातदिवा आणि धुक्यात रुळांवर ठेवायचे फटाके असत. दिव्याची वात रोज ती कातरीत असे, वयाच्या नवव्या वर्षापासून. मी त्याच घरात होतो. मला वाटे, दिवा आपोआप लागतो.

दुसऱ्या दिवशी मी दादांकडे उत्तरे घेऊन गेलो. त्यांना ती पुरेनात. रोज नवे प्रश्न, रोज आठाला फोन. आक्का त्यांना 'तुझे ते फायरमन' म्हणू लागली, आणि चौथ्या दिवशी तिनेच उलट प्रश्न पाठवला : उन्हाळ्यात भट्टीपुढे उभे राहून ते काय पीत? उत्तर आले, गार कॉफी. आक्काला ते पटले नाही.

रविवारी दादा, वहिनी आणि मी त्या गाडीत बसलो. 'मारिया फुमासा' म्हणतात तिला, धूरवाली मारिया. खिडकीतून हिरवे डोंगर, नदी, मधूनच गाय. तिरादेंतिस हे गाव ज्याच्या नावाचे, तो हौशी दंतवैद्य. 'तिरादेंतिस' म्हणजे दात उपटणारा. पोर्तुगीजांविरुद्ध कट केला म्हणून त्याला १७९२ साली रिओला फाशी दिले. गावात त्याची स्मृती आहे, सोन्याने मढवलेले चर्च आहे, आणि स्टेशनाशेजारी इंजिन फिरवायची तबकडी आहे. इंजिन तीवर उभे करतात आणि माणसे हाताने ढकलून ते उलटे फिरवतात. यंत्र नाही, वीज नाही. सारे उतारू भोवती गोळा होतात. दादांना आता तो अधिकार नाही. पण ढकलणाऱ्या पोरांनी त्यांना पाहून थोडी जागा केली. त्यांनी टोपी माझ्याकडे दिली आणि लोखंडी दांड्याला हात लावला.

मी मोबाइल वर धरला होता. आक्का कुर्डुवाडीहून चित्रासकट पाहत होती. इंजिन हळूहळू वळले, मग त्याने शिट्टी दिली.

"आपली याहून जाड होती," आक्का म्हणाली. मग तिला वहिनी दिसल्या. "अरे, त्यांना एक विचार. बाबांच्या पांढऱ्या कोटावरची काजळी माझ्याच्यानं कधी पुरती निघाली नाही. यांचे तर इंजिनावर होते. त्या काय करायच्या?"

मी दुभाष्याला जागे करू लागलो. तोवर वहिनींनी मोबाइल माझ्या हातून घेतला आणि त्यात तोंड घालून दोन शब्द मोठ्याने सांगितले, बहिऱ्या माणसाला सांगावे तसे : "साबाउं! सोल!"

"साबण कळलं," आक्का म्हणाली. "ते सोल काय?"

"ऊन," मी म्हटले. "साबण लावून गवतावर उन्हात पसरायचं."

"तसाच ठेवायचा? न पिळता?"

वहिनींनी मान डोलावली. प्रश्न त्यांना कसा कळला, ते मी विचारले नाही.